नोंदवही एक, राखणदार अनेक : इथेरियम आणि सोलाना या दोन जाळ्यांची तुलना

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांची नोंद ‘पॉलिगॉन’ नावाच्या ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम २०२२ च्या मार्च महिन्यात जाहीर झाला. आदिवासी विद्यार्थ्याच्या दृष्टीने जातप्रमाणपत्र हा केवळ एक कागद नव्हे. वसतिगृहातील जागा, शिष्यवृत्ती, पुढे महाविद्यालयातील प्रवेश आणि नोकरी या साऱ्यांचे दार त्या कागदाने उघडते. बनावट प्रमाणपत्र घेऊन कोणी त्या दारातून आत शिरला, तर एक खरा विद्यार्थी बाहेर उभा राहतो. म्हणून प्रमाणपत्राची खूण अशा नोंदवहीत ठेवावी, की जी कोणा एका कारकुनाला, कार्यालयाला किंवा कंपनीलाही मागाहून बदलता येणार नाही, ही त्यामागील कल्पना होय.

कल्पना आकर्षक आहे. परंतु तिच्यापाठोपाठ काही प्रश्न ओघानेच येतात. ही नोंदवही राखतो कोण? राखणारे किती आहेत आणि ते एकमेकांपासून कितपत स्वतंत्र आहेत? एकाच वेळी लक्षावधी लोक नोंद करावयास आले तर काय होते? ‘ब्लॉकचेनवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ असे सरसकट म्हटले जाते. वास्तविक एका ब्लॉकचेनची रचना दुसरीसारखी नसते. इथेरियम आणि सोलाना या दोन जगप्रसिद्ध जाळ्यांनी वरील प्रश्नांना जवळजवळ परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. त्यांची नाणी विकत घ्यावीत की न घ्यावीत, हा येथे विषय नाही. नोंदवही म्हणून त्यांचे गुणदोष काय आहेत, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

फेरफाराची वही आणि ब्लॉकचेन

गावच्या फेरफार नोंदवहीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. खरेदीखत झाले की तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराची नोंद घेतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. वही एक, लिहिणारा एक, प्रमाणित करणारा एक.

ब्लॉकचेनमध्ये वहीची प्रत शेकडो, क्वचित हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. नवे पान, म्हणजे ‘ब्लॉक’, लिहिण्याची पाळी आळीपाळीने एकेका संगणकाकडे येते. त्याने लिहिलेल्या पानावरील प्रत्येक व्यवहार बाकीचे संगणक स्वतः पुन्हा करून पाहतात आणि तो जुळला तरच ते पान आपल्या वहीस जोडतात. प्रत्येक पानावर आधीच्या पानाची गणिती मुद्रा उमटलेली असते. मागील पानावरचे एक अक्षर जरी बदलले, तरी तेथून पुढच्या साऱ्या मुद्रा चुकतात आणि चोरी उघडकीस येते. येथे मंडळ अधिकारी नाही. पान प्रमाणित करणे हे काम बहुमताचे असते.

हे बहुमत मात्र माणशी एक मत या तत्त्वाचे नव्हे. लिहिण्याच्या व मत देण्याच्या कामी लागलेल्या संगणकास ‘प्रमाणक’ म्हणावे. प्रमाणक त्या जाळ्याचे नाणे ठेव म्हणून ठेवतो आणि ठेवीच्या प्रमाणात त्याच्या मताला वजन येते. म्हणजे साम्य सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेशी नसून भागभांडवली कंपनीच्या सभेशी आहे. दोन्ही जाळ्यांत एकूण ठेवीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक मते मिळाली म्हणजे पान कायमचे झाले असे धरतात. उलट बाजूने पाहता, एक-तृतीयांशाहून अधिक ठेव ज्यांच्या हाती आहे ते एक झाले, तर ते नोंदी कायम होण्याचे थांबवू शकतात. हा तृतीयांशाचा आकडा पुढे उपयोगी पडेल.

विकेंद्रीकरण हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हापासून तो शासकीय भाषेत रुळला आहे. परंतु तेथे कामाची वाटणी असते. जिल्हा परिषदेचे काम वेगळे, पंचायत समितीचे वेगळे, ग्रामपंचायतीचे वेगळे. ब्लॉकचेनच्या विकेंद्रीकरणात वाटणी नाही, पुनरावृत्ती आहे. रस्त्याच्या कामावर दहा मजूर वाढविले तर काम लवकर उरकते. येथे मात्र नवा मजूर पहिल्याने खणलेलाच खड्डा पुन्हा खणून मोजतो. त्यामुळे संगणक कितीही वाढले तरी वेग वाढत नाही. जाळ्याची विस्तारक्षमता, म्हणजे वाढता भार पेलण्याची शक्ती, त्यातील एकेका संगणकाला किती काम झेपते यावर येऊन थांबते. दोन जाळ्यांचा मतभेद याच ठिकाणी सुरू होतो.

साधा संगणक की बलाढ्य संगणक

इथेरियमची कल्पना व्हिटालिक ब्युटेरिन या तरुणाने २०१३ च्या अखेरीस मांडली आणि ३० जुलै २०१५ रोजी जाळे सुरू झाले. आरंभी तेथे बिटकॉइनप्रमाणेच विजेचा प्रचंड वापर करून पाने लिहिली जात. १५ सप्टेंबर २०२२ पासून ठेवीची पद्धत आली आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. तेथे दर बारा सेकंदांना एक पान लिहिले जाते व ते कायम होण्यास साधारण तेरा मिनिटे लागतात. पानावर किती मजकूर मावावा याला मर्यादा आहे, आणि ती बुद्ध्याच आखडून ठेवलेली आहे. घरातील चांगल्या प्रतीचा संगणक, १६ ते ३२ गिगाबाइट स्मृती, दोन ते चार टेराबाइट साठवण आणि साधी ब्रॉडबँड जोडणी एवढ्यावर ती वही कोणासही घरी ठेवता यावी व तपासता यावी, असा दंडक तेथे पाळला गेला. याची किंमत उघड आहे. अनेक वर्षे त्या जाळ्याची गती सेकंदास पंधरा व्यवहारांच्या आसपास रेंगाळली. डिसेंबर २०१७ मध्ये मांजरींच्या चित्रांच्या एका खेळाने ते तुंबले होते! २०२५ मध्ये पानाची मर्यादा टप्प्याटप्प्याने जवळजवळ दुप्पट करण्यात आली. तीही संगणकांवरील भाराचा अंदाज घेत घेत.

सोलानाचे जनक अनातोली याकोव्हेन्को हे पूर्वी क्वालकॉम या कंपनीत अभियंता होते. त्यांनी २०१७ मध्ये आराखडा लिहिला आणि मार्च २०२० मध्ये जाळे चालू झाले. त्यांचा विचार दूरसंचार अभियंत्याचा आहे. संगणक दरवर्षी वेगवान होत असता नोंदवहीने मागे का राहावे, असा त्यांचा प्रश्न. सोलानात एक गणिती घड्याळ अखंड चालते. त्यामुळे कोणता व्यवहार आधी व कोणता नंतर, हे ठरविण्यासाठी संगणकांना एकमेकांच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. लिहिण्याची पाळी कोणाची, हे आधीच जाहीर असते; लोकांचे व्यवहार थेट त्याच्याकडे धाडले जातात. दोन व्यवहार वेगवेगळ्या खात्यांना स्पर्श करीत असतील तर ते एकाच वेळी उरकले जातात. पान दर ०.४ सेकंदाला लिहिले जाते. नोंदीचे शुल्क नाममात्र असते.

एवढा वेग झेपावा म्हणून प्रमाणकाला २५६ गिगाबाइट वा अधिक स्मृतीचा संगणक व सेकंदास किमान एक गिगाबिट, शक्यतो दहा गिगाबिट वाहून नेणारी जोडणी लागते. असा संगणक घरात ठेवण्याजोगा नसतो. तो मोठ्या संगणक-केंद्रात भाड्याने घ्यावा लागतो. शिवाय मूळ रचनेत प्रमाणकाचे प्रत्येक मत हाही एक सशुल्क व्यवहारच होता. ०.४ सेकंदाला एक पान या हिशेबाने दिवसाला २ लाख १६ हजार पाने होतात. प्रत्येक मताला ०.०००००५ नाणे धरले तरी रोजचा खर्च एका नाण्याहून थोडा अधिक होतो. वर्षाची सुमारे चारशे नाणी केवळ मत देण्यासाठी! लहान प्रमाणकाला हे परवडणे कठीण. (ही मते नोंदवहीबाहेर नेण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये प्रमाणकांच्या मतदानाने मंजूर झाला.) जाहिरातीत सेकंदास जे काही हजार व्यवहार दाखविले जात, त्यांतही निम्म्याहून अधिक ही मतेच असत. ती वजा केली तरी सोलानाचा वेग इथेरियमच्या कित्येक पटींनी अधिक राहतो, हे मान्य केले पाहिजे.

१ मे २०२२ ची पहाट

दोन्ही जाळ्यांवर एकाच प्रकारची गर्दी एकाच वेळी लोटली, असा योग एकदा आला. कागदावरील तुलनेपेक्षा त्या काही तासांनी अधिक शिकविले.

३० एप्रिल २०२२ रोजी सोलानावर काही डिजिटल चित्रांची विक्री होती. जो पहिला येईल त्याला माल मिळणार आणि नोंदीचे शुल्क नगण्य. तेव्हा खरेदीदारांनी स्वयंचलित आज्ञावल्या कामास लावल्या. जाळ्याकडे सेकंदाला साठ लाखांपर्यंत मागण्या येऊ लागल्या. मागणी फुकट, म्हणून ती पुन्हा पुन्हा करण्यास कोणालाच तोशीस नव्हती. प्रमाणकांच्या संगणकांची स्मृती अपुरी पडून ते एकामागून एक बंद पडले, मतांचे दोन-तृतीयांश पुरे होईनात, आणि जाळे थांबले. भारतात तेव्हा १ मे, महाराष्ट्र दिन, उजाडावयाचा होता. सुमारे सात तास सोलानावर एकही नोंद झाली नाही. जगभर विखुरलेल्या प्रमाणकांनी संदेशांद्वारे एकमेकांशी बोलून, कोणत्या पानापासून पुढे जावयाचे हे ठरविले. ठेवीच्या ऐंशी टक्के भागाचे धनी पुन्हा हजर झाल्यावर वही पुढे चालू झाली. भारतीय वेळेप्रमाणे तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते.

त्याच सकाळी, साडेसहाच्या सुमारास, इथेरियमवर एका काल्पनिक जगातील ५५ हजार भूखंडांची विक्री सुरू झाली. गर्दी तितकीच हावरी होती. परंतु इथेरियमवर पानातील जागा लिलावाने मिळते. अधिक शुल्क देणाऱ्याचा व्यवहार आधी लिहिला जातो. जाळे थांबले नाही, पाने निघतच राहिली. मात्र शुल्क इतके भडकले, की काहींना एकेका नोंदीसाठी हजारो डॉलर मोजावे लागले. त्या विक्रीपायी नुसत्या नोंदणी शुल्कात १५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली. अनेकांचे व्यवहार फसले आणि शुल्क तेवढे गेले. त्या तासांत ज्याला आपल्या नातलगाला शंभर डॉलर पाठवावयाचे होते, त्याच्या दृष्टीने इथेरियमही बंदच होते असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

एकाने गर्दीला दार सताड उघडले आणि घर कोसळले; दुसऱ्याने दाराशी तिकीट लावले आणि गरीब बाहेर राहिला. सोलानाने यातून धडा घेतला. त्यानंतरच्या काळात मागण्या स्वीकारण्याची पद्धत बदलण्यात आली, ठेवीच्या प्रमाणात मार्ग राखून ठेवण्यात आला आणि गर्दी ज्या खात्यावर असेल त्या खात्यापुरतेच शुल्क चढेल अशी व्यवस्था झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे सतरा तास आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये जवळजवळ एकोणीस तास बंद राहिलेले ते जाळे पुढे बरेच स्थिर झाले.

डोकी मोजावीत की आज्ञावल्या?

विकेंद्रीकरणाचे मोजमाप पुष्कळदा प्रमाणकांच्या संख्येने केले जाते. इथेरियमवर ही संख्या दहा लाखांच्या घरात गेली होती, तर सोलानावर २०२३ च्या सुमारास अडीच हजारांच्या आसपास असलेली संख्या २०२५ च्या अखेरीस हजाराच्या खाली आली. या आकड्यांवरून निकाल देणे सोपे आहे. पण ते फसवे आहे. इथेरियमचा प्रमाणक म्हणजे मुळात ३२ नाण्यांची एक ठेव. एकच कंपनी अशा हजारो ठेवी ठेवू शकते आणि ठेवतेही. २०२३ मध्ये ‘लिडो’ ही लोकांची नाणी गोळा करून ठेवणारी व्यवस्था आणि ‘कॉइनबेस’ ही कंपनी, या दोन नावांखालील ठेव मिळूनच एक-तृतीयांशाच्या पलीकडे गेली होती. लिडोच्या मागे तीसहून अधिक स्वतंत्र चालक आहेत, हे खरे. तरीही नाव एकच. सोलानावर तृतीयांश गाठण्यासाठी बड्या प्रमाणकांपैकी वीस ते तीस एकत्र यावे लागत असत. याच एका मापाने पाहिले तर सोलाना अधिक विखुरलेले दिसते!

संगणक कोठे उभे आहेत, हे पाहिले की चित्र पुन्हा बदलते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘हेट्झनर’ या जर्मन कंपनीने आपल्या संगणक-केंद्रांतून सोलानाचे प्रमाणक बंद केले. असे काम आपल्या संगणकांवर चालणार नाही, असे तिचे धोरण होते. एका कंपनीच्या एका निर्णयाने सुमारे एक हजार प्रमाणक आणि ठेवीचा जवळजवळ पाचवा भाग तत्काळ गप्प झाला. पाचवा भाग हा तृतीयांशाहून कमी, म्हणून जाळे चालू राहिले. तृतीयांशाचे अंतर फार उरलेले नव्हते.

आणि सर्वांत कमी चर्चिली जाणारी बाब आज्ञावलीची. हजार संगणक एकाच आज्ञावलीवर चालत असतील, तर तिच्यातील एक दोष हजारही ठिकाणी एकाच क्षणी प्रकट होतो. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी सोलानात हेच घडले. संगणक एका न संपणाऱ्या फेऱ्यात अडकले आणि जाळे सुमारे पाच तास थांबले. इथेरियमवर वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या वापरात आहेत. ११ व १२ मे २०२३ रोजी त्यांतील दोन आज्ञावल्या भाराखाली दबल्या व पाने कायम होण्याचे काम दोनदा खोळंबले. परंतु इतर आज्ञावल्यांवरील संगणक लिहीत राहिले आणि बहुतेक वापरणाऱ्यांना काही घडल्याचे जाणवलेही नाही. सोलानाच्या चालकांनाही हे पटलेले होते. ‘फायरडान्सर’ ही दुसऱ्या गटाने मुळापासून लिहिलेली आज्ञावली तीन वर्षांहून अधिक खटपटीनंतर डिसेंबर २०२५ मध्ये तेथे कामास लागली.

मत देणाऱ्यांपेक्षाही महत्त्वाचा आहे तो तपासणारा. ग्रामसभेत हिशेब मांडला जातो, तेव्हा धनादेशावर सह्या दोघांच्याच असतात. परंतु वही उलगडून पाहण्याचा अधिकार सर्वांना असतो, म्हणून सह्या करणारे जपून करतात. इथेरियमवर ठेव नसलेला शिक्षकसुद्धा घरच्या संगणकावर संपूर्ण वही तपासू शकतो आणि चुकीचे पान नाकारू शकतो. जुलै २०१६ मध्ये याचा प्रत्यय आला. एका मोठ्या चोरीनंतर बहुसंख्यांनी मागील व्यवहार फिरवून पैसे परत करण्याचे ठरविले, तेव्हा ज्यांना वही फिरविणे मुळातच अमान्य होते त्यांनी जुनी वही पुढे चालविली. ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने ती वेगळी नांदली. सोलानावर असा विरोध नोंदविण्याची तत्त्वतः मुभा आहे. परंतु त्यासाठी लागणारे यंत्र थोड्यांच्याच आवाक्यातले आहे. वेगाचे खरे मोल तेथे मोजावे लागते.

वरच्या मजल्याचा मार्ग

इथेरियमच्या बाजूने एक उत्तर पुढे आले. तळची वही हळूच चालू द्यावी. गर्दी वरच्या मजल्यावर वेगळ्या जाळ्यांवर वळवावी, आणि तेथील शेकडो व्यवहारांचा गोषवारा तेवढा तळच्या वहीत नोंदवावा. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस ही अशी जाळी होत. १३ मार्च २०२४ च्या सुधारणेने त्यांच्या गोषवाऱ्यासाठी स्वस्त जागा निर्माण केली. तो तपशील सुमारे अठरा दिवस ठेवून मग काढून टाकला जातो. वरच्या मजल्यावरील शुल्क त्यामुळे झपाट्याने उतरले. पण वरच्या मजल्यावर पाने लिहिणारा बहुधा एकच असतो. ५ सप्टेंबर २०२३ रोजी ‘बेस’वर सुमारे पाऊण तास नवे पानच निघाले नाही. तळचे विकेंद्रीकरण शाबूत आणि वर पुन्हा एकच कारकून, अशी ही स्थिती आहे. सोलानाचे समर्थक याकडे बोट दाखवितात, आणि त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नाही.

एटापल्लीच्या प्रमाणपत्रांसाठी निवडलेले पॉलिगॉन हे भारतीय अभियंत्यांनी २०१७ मध्ये ‘मॅटिक’ या नावाने आरंभिलेले जाळे याच दोन टोकांच्या मध्ये बसते. त्याचे स्वतःचे प्रमाणक शंभराच्या आसपास असतात. त्यामुळे ते वेगवान व स्वस्त आहे. ठराविक अंतराने ते आपल्या वहीची मुद्रा इथेरियमच्या वहीत ठेव म्हणून नोंदविते. म्हणजे रोजचा भरवसा शंभर राखणदारांवर आणि मागील नोंदींचा ताळा इथेरियमच्या वहीशी.

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू केलेली ‘विश्वस्य’ ही व्यवस्था मात्र वेगळ्या जातीची आहे. तिचे संगणक राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद येथील केंद्रांत आहेत आणि वही राखण्याचे काम परवानगीनेच मिळते. तेथे नाणे नाही, ठेव नाही, लिलावाने चढणारे शुल्कही नाही. राखणदार थोडे आहेत, पण ते कोण हे ठाऊक असते आणि त्यांना जाब विचारता येतो.

यांपैकी कोणतीही वही प्रमाणपत्रातील मजकूर खरा की खोटा हे ओळखत नाही. नोंदल्यानंतर तो बदलला गेला नाही, एवढेच ती सांगते. वंशावळ आणि शाळेचा जुना दाखला तपासून पाहण्याचे काम पूर्वीप्रमाणेच उपविभागीय कार्यालयात आणि जात पडताळणी समितीपुढे व्हावयाचे असते. तेथे खोटा दाखला एकदा खरा म्हणून नोंदला गेला, तर त्याचीही प्रत प्रत्येक राखणदाराच्या संगणकावर तितक्याच चिरेबंदीने राहते, आणि पुढे तो रद्द झाल्याची नोंद त्याच वहीच्या नव्या पानावर वेगळी करावी लागते.